सामन्यातला जोडीदार

बाबांना सिनेमाला नेणं म्हणजे स्वतःच्याच डोक्याला ताप. तरी गाण्याचा सिनेमा आहे म्हणून मी अमरावतीत दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. दोन गायक मित्र लहान गावातून येतात, जोडीनं नाव कमावतात, मग दारूपायी बिनसतं आणि दोघंही संपतात, अशी गोष्ट. सुरुवातीलाच बाबा मोठ्यानं म्हणाले की त्या नटानं पेटीचा भाता हलवलासुद्धा नाही, मग सूर कुठून निघून राहिले? पुढच्या रांगेतली मुलं हसली. मी पॉपकॉर्नचा पुडा बाबांच्या हातात कोंबला.

मध्यंतरानंतर मात्र ते गप्प झाले. पडद्यावर एक मित्र भर कार्यक्रमात दुसऱ्याची खिल्ली उडवत होता. बाबांचा हात पुड्यात तसाच राहिला. सिनेमा संपला, दिवे लागले, झाडू मारणारी बाई येऊन उभी राहिली, तरी ते उठेनात. त्यांना काय आठवतंय ते मला ठाऊक होतं.

बाबा नोकरी सांभाळून गायचे. जयंतीच्या दिवसांत विहारापुढच्या मैदानात गाण्याचे सामने व्हायचे. दोन गायक, दोन पार्ट्या, समोरासमोर. एकानं गाण्यातून टोमणा मारायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं जुळवून तो परत करायचा. बाबांसमोर नेहमी अकोल्याचे एक काका असत. पोस्टरवर दोघं एकमेकांकडे डोळे वटारून बघायचे आणि दुपारी आमच्या घरी एकाच चटईवर घोरायचे. तेव्हा दोघांचं नाव असं होतं, की लोक लग्नाची तारीख पुढे ढकलतील पण यांचा सामना चुकवणार नाहीत.

मग काकांचा आवाज बसू लागला. डॉक्टरांनी गाणं सोडायला सांगितलंय, हे त्यांनी फक्त बाबांनाच सांगितलं होतं. त्याच रात्री परगावच्या सामन्यात बाबांच्या डोक्यात टाळ्या गेल्या आणि तोंडून निसटलं, कोंबडा म्हातारा झाला, आता पहाटेला भोंगा लावा. मैदान हसून लोटपोट झालं. काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. ते पुन्हा स्टेजवर चढले नाहीत. बाबांनी दुसऱ्यांबरोबर थोडे कार्यक्रम केले, पण लोकांना जोडी हवी होती. हळूहळू बोलावणी थांबली. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही ते नाहीच.

रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, "सिनेमावाले दारूले दोष देऊन राहिले. माहं वाटोळं तं माह्या तोंडानंच झालं." थोड्या वेळानं म्हणाले, "मले अकोल्याले घेऊन चाल." आधी फोन करू, असं मी म्हटलं तर ऐकेनात. फोन केला तर तो घरातून निघून जाईल म्हणे.

रविवारी निघालो. मी गाडी चालवत होते आणि बाबा वाटभर माफीची जुळवाजुळव करत होते. मूर्तिजापूरला चहाला थांबलो, तर चहा तसाच ठेवून त्यांनी मला विचारलं, "माफ कर म्हणू, का चुकलो म्हणू?" काहीही म्हणा पण चहा प्या, असं मी वैतागून सांगितलं. खरं तर काका दारातूनच परत पाठवतील, ही भीती मलाही होती.

दार काकूंनी उघडलं आणि एका शब्दानं काही न विचारता आत घेतलं. काका खाटेवर बसले होते, गळ्याभोवती दुपट्टा, अंगानं निम्मे झालेले. बाबांनी उभ्या उभ्याच सुरुवात केली, "चुकलो मी. तो कोंबडा..."

"स्टेजवरचं काय घेऊन बसला," काका म्हणाले. आवाज इतका खोल गेला होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "चांगला जमला होता तो. तुह्या जागी मी असतो तं मीबी सोडला नसता."

मग काकांनीच विचारलं, "त्या सकाळी जेवाले काहून नाई थांबला?"

रात्रभराचा सामना संपला की सकाळी दोन्ही पार्ट्या एका पंगतीत बसायच्या आणि शेवटचा टोमणा ज्यानं मारला, त्यानं समोरच्याला पहिला घास भरवायचा. त्यावरच सामना मिटायचा. बाबा त्या दिवशी पहिल्या एसटीनं निघून आले होते.

"लाज वाटली," बाबा म्हणाले. "कोणत्या तोंडानं घास देऊ तुले?"

काकांनी गळ्याभोवतीचा दुपट्टा सैल केला. "मी ताटावर बसून होतो लेका. पंगत उठली तरी बसून होतो. मले वाटलं, आवाज गेला याचा, आता याची काय गरज, असं समजून गेला तू."

मला दोघांचाही राग आला आणि रडूही आलं. बाबा खाटेजवळ मटकन खाली बसले, काकांचे गुडघे धरले आणि "नाई रे, नाई रे" एवढंच म्हणत राहिले.