शालू बांधलेली तार

शिरपूरजवळ आमचं शेत हायवेला लागून आहे. वरातीच्या आमच्या दोन पांढऱ्या घोड्या. धाकटी दिवाळीआधी दावं तोडून रस्त्यावर गेली आणि ट्रकखाली आली. तेव्हापासून थोरली रस्त्याकडेच तोंड करून उभी राहायची. नवरा आधीच गेलेला; आता माझ्या घरात तेवढाच एक जीव उरला होता. तीही गेली तर मी वेडी होईन, म्हणून कुंपण घालायचं ठरवलं.

मजूर शोधले, एकही मिळेना. शेजारचे आबा म्हणाले, "माय, बठ्ठा मानसे कापूस येचाले गयात. आते कोन भेटी?"

रडतराऊत घोड्यावर म्हणतात. मी पहार घेऊन खड्ड्यात. बाभळीचे डांब एकटीनं रोवले. सगळ्यांच्या शेताला असते तशीच काटेरी तार आणली. घोड्याला ती चालते का, हे मी कुणाला विचारलं नाही. तार ओढायला एक माणूस लागतो, ठोकायला दुसरा. मी तिचं टोक नवऱ्याच्या मोटारसायकलला बांधायची, गाडी जराशी पुढं घेऊन गिअरमध्ये बंद करायची आणि धावत मागं येऊन खिळे ठोकायची. तळहात फाटले. चौथ्या दिवशी रागानं हातोडा भिरकावला, मग रडत रडत मीच शोधून आणला.

एवढं करून घोडीला बारीक तार दिसेना. आमच्याकडे रानडुकरं बुजावीत म्हणून शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. मीही बांधल्या. कमी पडल्या तेव्हा माझा लग्नातला लाल शालूसुद्धा. वाटलं, बुजेल, लांब राहील.

डुक्कर बुजतं. ही दहा वर्षं जरीच्या झुलींत, फेट्यांत, नटलेल्या बायकांत वावरलेली. रंगीत कापड दिसलं की तिथं जाऊन उभं राहायचं, हे तिला आम्हीच शिकवलं होतं.

सकाळी पाहिलं, तर ती शालूला छाती लावून उभी. काटे आत रुतलेले. मी पक्कडीनं तार तोडली. चार दिवसांचं कुंपण सैल होऊन पडलं, पलीकडे हायवे मोकळा. दावं तबेल्यात राहिलेलं. मग शालूच तिच्या गळ्यात बांधला आणि तिला तबेल्याकडे ओढत निघाले.

रक्त गळत होतं. तशातही तिनं मान उंच केली आणि वरातीत टाकते तशी ठेक्यात पावलं टाकायला लागली.

"नको गं नाचू," मी ओरडले. "नको नाचू, माय."