गाडी चालू होईपर्यंत

टर्नर कारखान्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांची मोटारसायकल काही निवृत्त झाली नाही. रोज उजाडता उजाडता ते जिना उतरत, अंगणातल्या पत्र्याच्या शेडखालून गाडी बाहेर काढत आणि किका मारमारून सगळ्या इमारतीची झोप मोडत. शेजारी आधी कुरकुरले, मग त्यांनी हात टेकले. पंपांच्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवल्यामुळे या माणसाला 'टर्नर' हे नाव चिकटलं होतं, आणि त्याच्या गाडीला लोक 'गजर' म्हणत.

बरं, एवढ्या सकाळी त्यांना जायचं कुठे असे? कुठेच नाही. कोपऱ्यावरच्या बंद दुकानापर्यंत जायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि परत यायचं. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप कशाला, हे कळायला पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीकडे बघावं लागे. तिथे त्यांची बायको उभी असे.

ही खिडकीची सवय फार जुनी. टर्नरांची नेहमी पहिली पाळी असायची, आणि थंडीत गाडी काही त्यांच्या पाळीचं ऐकायची नाही. रात्रभर थंडीत राहून इंजिनातलं तेल घट्ट व्हायचं. टर्नर पेट्रोलचा कॉक उघडायचे, चोक ओढायचे, टाकी जरा हलवायचे आणि किक मारायचे. काही नाही. पुन्हा किक. काही नाही. मग इंजिन एकदा खोकायचं आणि गप्प बसायचं. तोपर्यंत वर खिडकी उघडलेली असायची आणि ती अंगावर शाल ओढून खाली बघत असायची. कामावर खाडा पडला तर काय, ही काळजी दोघांनाही सारखीच होती. शेवटी कधीतरी गाडी धडधडायला लागायची, टर्नर खूश होऊन हातमोजे चढवायचे, गाडीवर बसायचे, आणि चोक बंद करायला विसरायचे.

"अहो, चोक!" वरून हाक यायची.

लेथवर केसाएवढा फरक खपवून न घेणारा हा माणूस, पण रोज चोक विसरायचा. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते, तेवढ्यापुरती चोकची सोय. तो तसाच राहिला तर काळा धूर निघतो, प्लगवर काजळी धरते आणि गाडी गपकन बंद पडते. हे टर्नरांनीच तिला लग्नानंतर कधीतरी समजावून सांगितलं होतं, आणि मग ती जन्मभर त्यांना सांगत राहिली. हाक आली की ते डावा हात वर करायचे, वाकून चोकचा खटका खाली दाबायचे आणि निघायचे. ती "झाली चालू" असं स्वतःशीच म्हणायची आणि खिडकी लावून घ्यायची. मग तिचा दिवस सुरू व्हायचा.

आता खरं सांगायचं तर टर्नर पहिली काही वर्षंच विसरत होते. पुढे ते मुद्दाम विसरू लागले. घरात दोघांचं फारसं बोलणं नसायचं. तो काळच तसा, आणि माणसंही तशीच. पण सकाळी ती हाक आली की आपल्याकडे कुणीतरी बघतंय एवढं त्यांना कळायचं, आणि ते त्यांना दिवसभर पुरायचं. ही लबाडी त्यांनी कुणाला सांगितली नाही. तिला कळली होती की नाही, कोण जाणे. बायकांना असलं सगळं कळतं आणि त्या गप्प बसतात.

निवृत्तीनंतर सकाळच्या किका थांबल्या. गाडी बाजारहाटापुरती उरली. मग बायकोचं विसरणं सुरू झालं. आधी चहात साखर दोनदा पडायची, त्यावर घरात हसणंही व्हायचं. मग ती सुनेला आपली धाकटी बहीण समजू लागली. सून समंजस होती, तीही 'ताई, ताई' म्हणून वेळ निभावून नेई. मुलगा बाहेरगावी कामाला होता. तो सुट्टीला आला की "तुम्ही कुणाचे?" असं ती अगदी अगत्याने विचारायची, आणि तो मोरीत जाऊन तोंड धुऊन यायचा.

डॉक्टरांनी तपासलं. टर्नरांकडे बोट दाखवून हे कोण म्हणून तिला विचारलं. तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि ती म्हणाली, "यांना सोडा आता, कामावर जायला उशीर होतोय." डॉक्टर हसले. पण तिला बाहेर बसवल्यावर त्यांनी टर्नरांना स्पष्ट सांगितलं, की हे वाढतच जाणार, एक दिवस त्या तुम्हालाही ओळखणार नाहीत, मनाची तयारी ठेवा.

टर्नरांनी मनाची तयारी काही केली नाही. गाडीची केली. त्याचं असं झालं, की एका सकाळी तिला ताप भरला होता आणि औषध आणायला त्यांनी घाईघाईने गाडी काढली. थंडी होती, गाडी हटून बसली. किकांचा आवाज ऐकून ती तशा तापात अंथरुणातून उठली, खिडकीशी आली, शाल ओढून उभी राहिली, आणि गाडी चालू होताच वरून पूर्वीच्याच खणखणीत आवाजात हाक आली, "अहो, चोक!" टर्नरांचा हात वर गेला, पण डोळ्यांपुढे रस्ताच दिसेना. चोकचा खटका त्यांनी चाचपतच खाली दाबला.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी गाडी काढू लागले. तिने चोक म्हटलं म्हणजे तिने आपल्याला ओळखलं, एवढा साधा हिशेब त्यांनी मनाशी मांडला. दिवसभरात ती त्यांना कधी मास्तर म्हणे, कधी घरमालक समजून पदर सावरून उभी राही. त्याचं त्यांना वाईट वाटे, पण सकाळची हाक आलेली असली की ते सोसत. इंजिनातलं तेल ते वेळेवर बदलत, साखळीला ग्रीस लावत, प्लग काढून पॉलिशपेपरने घासत. काही झालं तरी ही गाडी टिकली पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

पण गाडी म्हातारी, आणि टर्नरांचा उजवा गुडघाही म्हातारा. किका वाढत चालल्या. एके दिवशी किकचा दांडा उलटा फिरून त्यांच्या नडगीवर बसला, तेव्हा सुनेने सरळ सांगितलं, की बाबा, एक तर गाडी नीट करून घ्या नाहीतर विका. टर्नरांना ते पटलं. इथेच त्यांची चूक झाली, आणि ती चांगल्या हेतूने झाली.

चौकातल्या मिस्त्रीने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. कार्बुरेटर उघडून त्यातलं तुंबलेलं बारीक जेट साफ केलं, टॅपेट जुळवले, नवा प्लग घातला. गाडी परत देताना तो म्हणाला, आता हिमालयात नेऊन उभी करा, पहिल्या किकला चालू होईल. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत गाडी पहिल्या किकला चालू झाली. टर्नरांनी आनंदाने वर पाहिलं. ती नुकतीच खिडकीशी येत होती. तिने खाली पाहिलं आणि ती वाट बघत उभी राहिली. हाक आली नाही. टर्नर थोडे थांबले, मग कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, तरी ती तिथेच.

ती दिवसभर खिडकीतून हलली नाही. सुनेने चहा दिला, तो तिने कट्ट्यावर ठेवला. टर्नर स्वतः शेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, अगं गाडी झाली चालू, हा काय मी आलोसुद्धा. तिने त्यांना हळूच बाजूला सारलं. खालच्या माणसाची गाडी अजून चालू व्हायची आहे, त्याला कामावर उशीर होतोय, ती आत जाऊन कशी बसेल? दिवस कलला तेव्हा तिचे पाय सुजले होते आणि ओठ थंडीने निळे पडले होते. सुनेने तिला जवळजवळ उचलून आत आणलं. टर्नर पायांशी बसून तेल चोळत राहिले. गाडी चालू व्हायला त्रास पडणं, खोकणं, पुन्हा किक, ही सगळी तिची वाट होती. त्या वाटेनेच ती त्यांच्यापर्यंत येत होती, आणि ती वाट त्यांनी पैसे मोजून बुजवून टाकली होती.

सकाळी ते गाडी घेऊन मिस्त्रीकडे हजर. जुना प्लग परत घाल, जेट होतं तसं कर, असं त्यांनी सांगितलं. मिस्त्रीला आधी वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मग त्याला राग आला. लोक गाडी नीट करायला येतात, तुम्ही बिघडवायला आलात, माझ्या हाताला हे जमायचं नाही, असं म्हणून तो दुसऱ्या गाडीकडे वळला. टर्नर बाकड्यावर बसले आणि खिडकीची सगळी गोष्ट त्यांनी सांगितली. जन्मात इतकं ते कुणापाशी बोलले नव्हते. मिस्त्री हातातला पाना पुसत ऐकत राहिला.

"गाडी नाही बिघडवणार मी," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही किल्ली बंद ठेवून किका मारा. चोक ओढून हव्या तेवढ्या मारा. मग किल्ली फिरवा. खोकेलसुद्धा तुमच्यासारखी."

ही युक्ती लागू पडली. बंद किल्लीवर मारलेल्या किकांनी इंजिन पेट्रोलने तुंबायचं, मग किल्ली फिरवली की गाडी खरोखरच खोकायची आणि रडतखडत चालू व्हायची. चांगली गाडी असताना टर्नर थंडीत दुखऱ्या गुडघ्याने खोट्या किका मारत उभे राहत, आणि वर ती काळजीने बघत राही. तिला असं काळजीत ठेवणं त्यांच्या जिवावर यायचं. पण काळजी संपली की हाक यायची. त्या एका हाकेसाठी त्यांनी तो सगळा हिवाळा ढकलला.

हिवाळा संपत आला तसतशी हाक उशिरा येऊ लागली. टर्नर हातमोजे चढवत, पुन्हा काढत, पुन्हा चढवत. आरसा पुसत. साखळीकडे वाकून उगाच बघत. काळा धूर अंगणभर पसरे, मग कधीतरी वरून हाक येई, "चोक..." त्यातला 'अहो' गळून पडला होता. टर्नरांच्या ते लक्षात आलं होतं, पण त्यांनी स्वतःलाच कळू दिलं नाही. सून एकदा म्हणाली, की बाबा, गुडघा बघा किती सुजलाय, नका करू हे आता. ते म्हणाले, असू दे गं, थंडी आहे तोवर.

त्या दिवशी थंडी तशी फारशी नव्हती. टर्नरांनी रोजच्यासारख्या खोट्या किका मारल्या, मग खरी मारली. गाडी खोकली आणि चालू झाली. ते गाडीवर बसले आणि थांबले. खिडकीत ती होती, शाल ओढून. शेजारी सून तिच्या खांद्याला धरून उभी होती. ती खाली बघत होती. टर्नरांनी हातमोजे चढवले. काढले. चढवले. धूर वाढत गेला, इंजिनाचा आवाज जड होत गेला. त्यांनी मान वर करून तिच्याकडे उघडपणे पाहिलं, जसं एवढ्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. तीही त्यांच्याकडे बघत होती. इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं.

अंगण एकदम शांत झालं. त्या शांततेत वरचं बोलणं अगदी स्वच्छ खाली आलं. ती सुनेला विचारत होती, दुसऱ्याच्या दुःखाने हळहळून विचारावं तसं:

"काय गं, त्या माणसाच्या घरी कुणी नाही का? चोक बंद करा म्हणून सांगायला?"

टर्नरांचा डावा हात सवयीने वर गेला होता, तो त्यांनी सावकाश खाली घेतला. मग ते वाकले आणि त्यांनी चोकचा खटका स्वतःच खाली दाबला. तुंबलेलं इंजिन मोकळं व्हायला थोडा वेळ द्यावा लागतो. तो त्यांनी दिला. मग गुडघ्यावर हात ठेवून किक मारली, पुन्हा मारली, आणि गाडी चालू झाली.

"झाली चालू," वर ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. खिडकी लागली.

टर्नर निघाले. कामावर जाणारा माणूस निघतो तसे निघाले, कारण ती आत जाऊन बसायची तर कुणीतरी कामावर जायला हवं होतं.