प्रार्थनेत सुटलेलं गंगावन

ऐंशीच्या दशकात ठाकुर्लीच्या आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले. ख्रिस्ती बाईचे केस लांबच हवेत, असा मुलाच्या आईचा हट्ट. माझे तर खांद्यापर्यंत कापलेले! मग आईने खोट्या केसांचं गंगावन गुंफून लांबलचक वेणी घातली.

चहाआधी, पाहुण्यांसोबत आलेल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. रिवाजाप्रमाणे आम्ही बायकांनी डोक्यावर पदर घेतला आणि सगळ्यांनी डोळे मिटले. माझा पदर गंगावनाच्या पिनेत अडकला. मी हिसका दिला, तर गंगावन सुटून मांडीत पडलं. मी ते पटकन पदराखाली दडपलं.

आमेन होताच मुलाची आई कडाडली, “अहो, हिचे केस खोटे आहेत!”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “काकू, प्रार्थना चालू असताना तुम्हाला दिसले कसे?”