आवळे मास्तरांनी दिलेली जागा

सुवार्ताचा फोन आला तेव्हा मी अंगणात आंबोशी वाळत घालत होते. "मावशी, बाबा गेले," एवढंच ती आधी म्हणाली. मग कसं झालं ते सांगितलं. शनिवारची दुपार. मास्तर चर्चमध्ये जाऊन दुसऱ्या दिवशीच्या प्रभुभोजनाची तयारी करून आले होते. द्राक्षरसाचे इवलेसे पेले पुसून ताटात मांडले, त्यांवर पांढरं फडकं घातलं, घरी येऊन वाटीभर पेज प्यायले आणि आरामखुर्चीत जरा टेकले. चिपळूणला शाळेत शिकवणारी त्यांची ही एकुलती एक लेक सुट्टीला म्हणून आली होती. ती चहा घेऊन गेली, तर चहा घेणारा निघून गेलेला. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला याहून सुखाचा निरोप कुठला मिळणार? तरी मी हातातली आंबोशी तशीच धरून बराच वेळ उभी होते.

शमुवेल आवळे हे त्यांचं नाव. सगळे मास्तर म्हणत. रत्नागिरीतल्या एका तंत्रशिक्षणाच्या शाळेत ते सुतारकाम शिकवायचे आणि मी तिथेच कार्यालयात कारकून होते. रुजू झाले त्या दिवशी माझ्या टेबलाचा खण काही केल्या उघडेना. शिपाई म्हणाला, अर्ज करा. इतक्यात कानावर पेन्सिल खोचलेले एक गृहस्थ आले, खण उपसून घेऊन गेले आणि रंधा मारून परत आणून बसवला. "बाई, आता एका बोटाने उघडेल. अर्ज लिहायला लागाल तेव्हा कागद याच खणात ठेवा," असं म्हणून हसत निघून गेले. आमची ओळख ती अशी.

ते इथल्या छोट्याशा बाप्टिस्ट मंडळीचे डीकन होते, तीसहून अधिक वर्षं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एकदा डबा खाताना विचारलं, "मास्तर, डीकन म्हणजे पुजारीच ना?" ते म्हणाले, "छे हो! उपदेश करायला पाळकसाहेब आहेत. डीकन म्हणजे पंक्तीतला वाढपी. जेवायला बसणारे पुष्कळ असतात बाई, कमरेला पंचा बांधून वाढणारा लागतो." हे ते नम्रपणा म्हणून म्हणत नसत. त्यांना वाढायला मनापासून आवडायचं. मंडळीत कोणी आजारी पडलं की सरकारी दवाखान्यात डबा घेऊन आधी मास्तर हजर. कोणी वारलं आणि घरची परिस्थिती बेताची असली, तर शवपेटी मास्तर स्वतः बनवायचे, फणसाच्या नाहीतर आंब्याच्या फळ्यांची, आणि आतून इतकी गुळगुळीत घासायचे की मी एकदा म्हटलंही, "आत कोण बघणार आहे?" त्यावर ते नुसते घासत राहिले. माझे यजमान अर्धांगवायूने सहा आठवडे पडून होते, तेव्हा रोज संध्याकाळी पाच ते सात मास्तर त्यांच्याजवळ बसायचे, म्हणजे मला घरी जाऊन अंघोळ करून येता यावं. आम्ही काही त्यांच्या मंडळीतले नव्हतो. ते कधी त्यांच्या मनातही आलं नसावं.

एवढं सगळं असूनही माणूस अगदी निर्दोष होता असं नाही. नाही म्हणणं त्यांना जमतच नसे. एकच बाक दोघांना कबूल करून बसायचे आणि मग तिसऱ्या दिवशी तोंड लपवत फिरायचे. गाणं तर असं बेसूर, की नाताळच्या भजनांच्या वेळी पाळकसाहेब त्यांना मुद्दाम दाराशी पाहुण्यांच्या स्वागताला उभं करायचे. त्यांच्या पत्नी, सरोजवहिनी, कपाळाला हात लावून म्हणायच्या, "अहो बाई, या घरातली छत्री गेली, पातेली गेली, पलंगसुद्धा गेला. आता देऊन टाकायची मीच तेवढी उरलेय."

सरोजवहिनी गेल्या त्याला आता नऊ वर्षं झाली. मंडळीची दफनभूमी लहानशी, भोवती चिऱ्याचा गडगा. आमच्याकडे दोन हात खणलं की कातळ लागतो. तिथेही मऊ मातीचा पट्टा एकच, आणि तो जवळपास भरलेला. वहिनींच्या शेजारी एका माणसाची माती शिल्लक होती. ती मास्तरांची, असं मंडळीने न बोलताच ठरवलं होतं. दर रविवारी उपासनेनंतर मास्तर तिथे जाऊन बसायचे. "माझा बर्थ रिझर्व्ह आहे बाई," असं मला हसत सांगायचे.

चार वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, पावस गावाच्या वाटेवरच्या एका आंब्याच्या बागेत राखणीला असलेला मानबहादूर झाडावरून पडून वारला. दर वर्षी हंगामाला नेपाळहून येणारी ही माणसं. नवरा-बायको दोघंही ख्रिस्ती, आंब्याच्या दिवसांत रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची. गावी न्यायचं म्हटलं तर चार दिवसांची वाट, आणि उन्हाळा असा. त्याची बायको मनमाया पाळकसाहेबांपुढे नुसती उभी राहिली. कातळ फोडायला दोन दिवस लागतील, बाहेरगावी न्यावं का, अशी कुजबुज चालू झाली. मास्तर उठले आणि म्हणाले, "माझी जागा आहे ना. संध्याकाळपर्यंत खणून होईल." त्याच दुपारी त्यांनी पेटीही केली.

सुवार्ताला हे दुसऱ्या दिवशी कळलं. तिचा फोन आला तेव्हा मी मास्तरांच्या घरीच बसले होते. तिचा आवाज मला खोलीत ऐकू येत होता. "बाबा, ती आईशेजारची जागा होती! मला एकदा विचारायचं तरी!"

"तुझ्या आईला विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती?" मास्तर म्हणाले.

"आईला विचारता येत नाही, म्हणूनच तुम्ही तिच्या नावावर वाटेल ते खपवता."

फोन बंद झाला. त्या वर्षी नाताळला सुवार्ता आली नाही. मला विचाराल तर मलाही तिचंच पटत होतं, आणि मी मास्तरांना तसं तोंडावर सांगितलं. वाटलं, आता एखादं शास्त्रवचन ऐकवतील. पण ते म्हणाले, "मलाही वाईट वाटतं, बाई. रोज वाटतं. दिलेलं परत मागता आलं असतं, तर त्या आठवड्यातच मागितलं असतं..." इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण दिल्याचं दुखतंही, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी, जूनच्या सुरुवातीला, सरोजवहिनींच्या स्मृतिदिनी सुवार्ता आली, ती वडिलांच्या घरी न येता थेट दफनभूमीत गेली. तिथे मनमाया होती. पाऊस लागायच्या आत गावी निघालेली. तिने दोन्ही कबरींवरचं गवत काढलं होतं, दोन्हींवर अनंताची फुलं ठेवली होती. सुवार्ता कोण, हे कळल्यावर मनमाया बिचारी घाबरून उभी राहिली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "मी गावाला जाते ना, तर तुमच्या आईला सांगून जाते. याच्यावर लक्ष ठेव, म्हणते. आई जवळ आहे, म्हणून मी जाऊ शकते."

सुवार्ता तिला घेऊनच घरी आली. मास्तरांनी दार उघडलं. कोणी कोणाची माफी मागितली नाही. सुवार्ताने पदर खोचला आणि म्हणाली, "बाबा, बांगडे आणा चांगले. तिघं जेवायला आहोत." मला निरोप आला तेव्हा मी बांगडे खात नसल्याने सोलकढी तेवढी प्यायला गेले. मास्तर त्या दिवशी वाढता वाढता गात होते, आणि सुवार्ताने कानावर हात ठेवले नाहीत.

यंदा मास्तर गेले, तेव्हा रविवारी सकाळी मंडळीने त्यांनीच मांडून ठेवलेल्या पेल्यांतून प्रभुभोजन घेतलं. त्याच वेळी तिकडे दफनभूमीत त्यांचे जुने विद्यार्थी ब्रेकर मशीन घेऊन कातळ फोडत होते. केस पांढरे झालेली माणसं, चिऱ्याच्या लाल धुळीने माखलेली. संध्याकाळी गडग्याच्या कडेला मास्तरांना ठेवलं. वहिनींपासून वीसेक पावलांवर.

दफनभूमीच्या फाटकाची किल्ली इतकी वर्षं मास्तरांकडे असायची. सुवार्ता चिपळूणला, पाळकसाहेब नवीन. शेवटी तिने ती माझ्याकडेच दिली. "मावशी, तुमचं घर सगळ्यांना ठाऊक आहे." माझ्या स्वयंपाकघरात, गणपतीच्या तसबिरीखालच्या खिळ्याला ती आता असते. आठवड्यातून दोनदा तरी कोणीतरी दारात येतं. मी चहा टाकते, माणसं बसतात, कोणाचं काय दुखतंय ते सांगतात. परवा गावी निघण्याआधी मनमाया आली. मी तिच्याबरोबर गेले. मास्तर कुठे आहेत ते दाखवलं. ती तिथे पुष्कळ वेळ बसली, तिच्या भाषेत काहीतरी बोलत. परतताना मी फाटकाला कुलूप लावलं, तेव्हा तिने विचारलं, "दिवाळीनंतर मी येईन, तेव्हा किल्ली तुमच्याकडेच ना?"

"माझ्याकडेच," मी म्हटलं. "ये तू. चहा पिऊन मग जाऊ."