मोठ्या पिळाचा पंखा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या माझ्या भावाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही समोर बसून माझ्याकडे बघत नाही, म्हणून असेल.

अण्णा माझा थोरला भाऊ. सोलापुरात आमचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. बहात्तरचा दुष्काळ ओसरला आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अण्णानं विमान बांधायला घेतलं. खरंखुरं, एका माणसाचं. परवानगीचं कुणी विचारलं की म्हणायचा, "आधी चाकं तर सुटू देत जमिनीपासनं." पंखांवर ताणायचं कापड इथल्याच गिरणीचं, आणि ते आईनं शिवलं. सोलापुरात विमान शिवलेली बाई मी एकटीच, असं ती शेजारणींना ऐकवायची. आमच्या सगळ्यांच्या कपड्यांना व्हार्निशचा वास यायचा. रविवारी शेडमध्येच कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि अण्णाचं न संपणारं बोलणं. आमच्या घराचे सगळ्यात चांगले दिवस ते.

मी तेव्हा शाळेत गणित शिकवायचे. विमानाचे सगळे हिशेब माझ्याकडे. लाकडाची पट्टी हातात धरून अण्णा विचारायचा, "मालू, धरेल का गं?" त्या एका प्रश्नावर माझा आठवडा जायचा.

मग व्यंकटेश आले. हातमागवाल्यांच्या घरातले, इंजिनीअर झालेले. घरी तेलुगू, आमच्याशी सावकाश, जपून मराठी. भंगारात मिळालेलं जुनं इंजिन त्यांनी उघडलं, पुन्हा जुळवलं, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा कार्बुरेटर स्वतः बसवला. शांत, भला माणूस. पण हळूहळू अण्णा विचारायला लागला— "व्यंकटेश, धरेल का?" हसू येतं ना? एवढ्याशा गोष्टीचं मोठ्या बाईला वाईट वाटावं? मला वाटलं.

राहता राहिला पुढचा पंखा—प्रोपेलर. बंद पडलेल्या एका फ्लाइंग क्लबच्या लिलावातून अण्णानं लाकडी दोन आणले होते. दिसायला जुळे, फरक फक्त पात्यांच्या पिळात. स्क्रूचे आटे आठवा. आटा मोठा असला की एका फेऱ्यात स्क्रू जास्त आत जातो, पण फिरवायला जोर लागतो. तसंच हे. मोठ्या पिळाचा पंखा वर गेल्यावर वेगानं नेतो, पण वर जायलाच इंजिनाला जड. आणि एकदा बसवला की हवेत पीळ बदलता येत नाही. एकच निवडायचा.

मी मोठा पीळ म्हटलं. अक्कलकोटला जाऊन परत येशील, थेंबभर पेट्रोलात—असं काहीतरी. व्यंकटेश म्हणाले, "इंजिन लहान आहे, धावायला माळ आखूड, उन्हाळ्यात हवा पातळ. लहान पीळच बरा." बरोबर होतं ते. मी घरी पुन्हा मांडून पाहिलं होतं—बरोबर होतं, हे मला त्याच रात्री कळलं. तरी मी हट्ट सोडला नाही.

शेवटी अण्णा म्हणाला, मालूचा लावून बघू, इंजिन काय बोलतं ते पाहू. विमानाची शेपटी दोरानं लिंबाच्या झाडाला बांधली. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या घड्याळावर व्यंकटेशनी हिरवी खूण केली होती. पूर्ण जोर दिल्यावर काटा तिथं पोचला, तर पंखा योग्य. मी आत बसले. ते दोघं बाहेर पंख धरून. मी जोर दिला, आणखी दिला. काटा खुणेच्या अलीकडे थांबला. चांगला बोटभर अलीकडे.

इंजिन बंद केलं. अण्णानं विचारलं, "काय गं?"

"लागला खुणेला," मी म्हटलं.

"आवाज जड वाटला मला," व्यंकटेश म्हणाले.

"आवाजावरनं काय कळतं? काटा मी बघितला की."

आणि अण्णा हसला. माझ्याकडे बघून. तेवढ्यासाठीच तर—नाही, पुढचं सांगते.

होटगीच्या बाजूच्या माळावर, मे महिन्यातल्या सकाळी, अण्णा निघाला. चाकं सुटली, आई टाळ्या वाजवायला लागली. पण विमान वर चढेना. पुरुषभर उंचीवर तसंच सरळ जात राहिलं, आणि माळाच्या टोकाचा बांध आला. चाकं बांधाला अडकली. पंख्याच्या चिरफळ्या उडाल्या; पुन्हा तपासायला काही राहिलंच नाही. अण्णाचा उजवा पाय गेला तो गेलाच, जन्मभर कुबडी.

दवाखान्याच्या व्हरांड्यात व्यंकटेशनी मला गाठलं. शर्टावर अण्णाचं रक्त वाळलेलं. हळूच विचारलं, "काटा नक्की खुणेला लागला होता ना, मालतीताई?"

अजूनही सांगता आलं असतं. त्यांनी मला ती वाट करून दिली होती—दिली नव्हती का?

"लागला होता," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "म्हणजे पंखा ठीक होता, कार्बुरेटरच बिघडला. माझंच चुकलं." आणि आत जाऊन अण्णाला तसंच सांगितलं. मी दारात उभी होते. अण्णा त्यांना वावगं काही बोलला नाही. फक्त तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर व्यंकटेश आमच्या घरी आले नाहीत, आणि अण्णानं त्यांचं नाव काढलं नाही. मला मात्र तो मरेपर्यंत लहानसहान गोष्टी विचारत राहिला.

गेल्या वर्षी लेकीसाठी चादरी घ्यायला पेठेतल्या एका दुकानात शिरले. गल्ल्यावर व्यंकटेश. पांढरे झालेले. इंजिनाला त्यानंतर हात लावला नाही, असं त्यांच्या मुलानं सहज सांगितलं. त्यांनी चहा मागवला. "अण्णा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का?" असं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. चहा प्याले, चादरी घेतल्या, आणि घरी आले.