माकडाला शनिवार कळत नाही

"यंदा परड्यात रताळी लावायची न्हाईत," आईनं सांगून टाकलं.

खानापूरच्या बाजूला आमचं गाव, जंगल पलीकडेच. शेत आप्पांचं, घर सगळ्यांचं. घरामागचं परडं तेवढं आईचं एकटीचं. तिथली रताळी गेल्या साली माकडांनी उकरली, निम्मी खाल्ली, निम्मी चावून फेकली. बेळगावात चळवळीची पत्रकं वाटत फिरणारी मी. म्हटलं, आता आपल्याच घरापासून सुरुवात. परडं पडीक राहता कामा नये.

फटाके गल्लीनं वाजवून बघितलेच होते. पहिल्या दिवशी माकडं पळाली. आठवड्याभरात ती कौलांवर बसून फटाके बघायला लागली. नुसता आवाज होतो, बाकी काही होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. आमच्या आलं नाही. आम्ही आणखी फटाके आणले.

मग मी पत्रक काढलं. मागणी एकच: माकडांना खायला घालू नका. मिळतं म्हणून ती येतात. मिळेनासं झालं की येणार नाहीत. गल्लीत दारोदार वाटलं. आणि त्याच शनिवारी आप्पा, म्हणजे माझे सख्खे वडील, मारुतीला जाऊन आले आणि परड्याच्या भिंतीवर केळी मांडली. खिशातून माझंच पत्रक डोकावत होतं!

"फक्त शनवारीच की गं. रोज कुठं घालतोय?"

"आप्पा, त्यास्नी शनवार कळतोय व्हय?"

"मारुतीरायाची हाईत ती. कळत असंल."

डोकं आपटावं तरी कुठं? रोज देऊन एकदम बंद केलं असतं, तर माकडांना लवकर समजलं असतं. हे अधूनमधून मिळणं सगळ्यात वाईट. आज नाही तर उद्या मिळेल, म्हणून ती रोज येणार. आणि केळी नसली की रताळी आहेतच. हे मी आप्पांना आधी समजावून सांगितलं, मग ओरडून सांगितलं. शेवटी केळी देवळातच माणसांना वाटायला ते तयार झाले. तोंड पाडून.

त्यावर माकडं अशी चवताळली की विचारू नका. कौलं फोडली, वाळत घातलेल्या मिरच्या उधळल्या. शेजारची आक्का म्हणाली, "तुझं पत्रक वाचलं वाटतं गं त्यांनी!" मी म्हटलं, धीर धरा. रिमोट चालेना की आपण तेच बटण आणखी जोरानं दाबतो, मग कंटाळून ठेवून देतो. तसंच झालं. माकडं कमी यायला लागली. आईनं परड्यात सऱ्या ओढल्या आणि रताळ्याचे वेल लावले. मी मनातल्या मनात विजयाचं पत्रक लिहायला घेतलं.

वेलांनी माती झाकली आणि माकडं पुन्हा हजर. केळी आपण घातली नाहीत, असं आप्पांनी शपथेवर सांगितलं. एका सकाळी मी बससाठी निघाले, छत्री विसरली म्हणून मागं फिरले. बघते तर भिंतीवर एक माकडीण दात विचकून किंचाळतेय आणि आई तिच्यापुढं भाकरी ठेवतेय. भाकरी उचलून माकडीण गेली.

"आई!"

"वरडू नको. तेवढं दिलं की गप जातंय. परडं वाचतंय."

"अगं, भाकरी मिळते म्हणूनच ती किंचाळते! आणि ती गप्प होते म्हणून तू उद्या परत देणार. तिनं तुला शिकवून ठेवलंय, तू तिला नाही!"

"आणि तू वरडलीस की मला चहा टाकायला लागतो, ते कुणी शिकवलं गं?"

चहा आला, आणि वैताग म्हणजे, झकास झाला होता.

आता भाकरी बंद आहे. माकडीण किंचाळायला लागली की तिच्यासमोर मी बसायचं, ही आईची अट. माझ्या बैठका बुडतात. मी ओरडायला तोंड उघडलं की आई चहाचं आधण उतरवून ठेवते. गप्प बसले की परत चढवते. चळवळीत इतकी वर्षं घालवून मला कुणाला असं वळण लावणं जमलं नव्हतं.

माकडीण हल्ली किंचाळत नाही, नुसती बसते. रताळी भरायला अजून वेळ आहे. आज शनिवार. आप्पा देवळातून आलेत आणि हातातली पिशवी काही केल्या खाली ठेवत नाहीत. मी त्या पिशवीकडं बघतेय. भिंतीवरून तीही बघतेय.