दिरुही आत्याचं भलत्या वेळचं हसू

आमच्या दिरुही आत्याला रडू येत नाही. रडायच्या जागी तिला हसू येतं, आणि तेही पदरात तोंड लपवून आवरण्यासारखं नाही. आधी उचकीसारखं बारीक ‘हिक्’ होतं, मग खांदे हलायला लागतात, मग नाकातून शिट्टी निघते, आणि त्यानंतर जे सुटतं ते रस्त्यापलीकडच्या बेकरीत ऐकू जातं.

एरवी याचा काही त्रास नाही. उलट तिचा धंदाच त्यावर चालतो. अलेप्पोच्या आमच्या मोहल्ल्यात ती घरोघरी जाऊन बायकांच्या हातापायांवरचे केस काढते. साखरलिंबाचा गरम पाक थापायचा आणि सर्रकन ओढायचा. ओढायच्या बरोबर आधी ती असं काही बोलते की बाई खिदळायला लागते, आणि खिदळता खिदळता पाय गुळगुळीत कधी झाला तेही तिला समजत नाही. मोहल्ल्यातल्या सगळ्या नवऱ्या मुली तिच्या हाताखालून गेल्यात. कुणाचा पाय कसा आहे आणि कुणाच्या सासूचा स्वभाव कसा आहे, दोन्ही तिला तोंडपाठ.

अडचण फक्त चर्चमध्ये. तिथे माझी आजी, म्हणजे आत्याची आई मक्रुही, कायम तिच्या उजव्या हाताला बसायची आणि तिच्या कोपरावर दोन बोटं टेकवून ठेवायची. ‘हिक्’ झालं की चिमटा. आत्याच्या स्वतःच्या साखरपुड्याच्या दिवशी मात्र आजीला नवरदेवाच्या आईशेजारी मान म्हणून बसवलं, आणि कोपर मोकळं राहिलं. पाद्रीबाबांनी अंगठ्यांवर आशीर्वाद म्हणायला घेतला आणि आत्या सुटली. नवरदेवाच्या आईला वाटलं, ही पोरगी माझ्या मुलाच्या कानांना हसते. कान होतेही तसे. सोयरीक तिथल्या तिथे मोडली, आणि आत्या पुढे घरातच राहिली.

तेव्हापासून ती मयताला जात नाही. आणि दर एप्रिलला देर झोरला जाणाऱ्या बसमध्ये पहिली जागा मात्र तिचीच असते. एकोणीसशे पंधरा सालात आमच्या अर्मेनियन माणसांना घरांतून उठवून ज्या वाळवंटापर्यंत चालवत आणलं आणि संपवलं, तिथे ही बस जाते. न पाहिलेल्या माणसाला वाटेल, ही बस रडत जात असेल. ती लसणाच्या वासात बुडून जाते. शहर मागे पडायच्या आत सुजुकचे, म्हणजे लसूण घातलेल्या सॉसेजचे, रोल निघतात, उकडलेली अंडी फुटतात, पिस्त्यांची टरफलं सीटखाली जमतात. आया एकमेकींच्या मुली न्याहाळतात. मोहल्ल्यातली निम्मी लग्नं याच बसमध्ये जुळली आहेत, आणि त्यातली बरीचशी आत्यानं जुळवली, कारण कोण कुणाशेजारी बसणार हे तीच ठरवते.

“मेलेल्यांना भेटायला जाताना नवरानवरी शोधता?” एकदा कुणीतरी विचारलं होतं.

“त्यांना बातमी काय सांगायची मग?” आत्या म्हणाली. “आम्ही अजून रडतोय, एवढीच?”

पण स्वतः ती आत जात नसे. काही वर्षांपूर्वी तिथे स्मारकाचं चर्च उभं राहिलं. त्याच्या तळघरात एक खांब आहे, आणि खांबाच्या पायाशी वाळवंटातून गोळा केलेली हाडं काचेआड ठेवलीत. सगळे खाली उतरायचे. आत्या बाहेर बसपाशी ड्रायव्हर अबू मुनीरबरोबर थांबून कॉफी उकळायची. “कुणीतरी सामानावर लक्ष ठेवायला हवं ना,” असं म्हणायची. सामान म्हणजे उरलेली अंडी.

गेल्या हिवाळ्यात आजी गेली. आत्या स्वतःच्या आईच्या मयतालाही चर्चमध्ये आली नाही. घरी राहून तिनं आलेल्या-गेलेल्यांसाठी पातेलंभर भात केला आणि सगळे जेवेपर्यंत वाढत राहिली. डोळ्यांतून टिपूस नाही. बायका कुजबुजल्या, पण भात चांगला झाला होता.

जाण्याआधी आजीनं तिच्या हातात एक गाठ मारलेला रुमाल दिला होता. देर झोरजवळ एक टेकडी आहे, तिथे नुसत्या बोटांनी उकरलं तरी हाडांचे तुकडे वर येतात. आजीची आई तिथेच कुठेतरी मातीत राहिली. आजी दर वर्षी तिथली चिमूटभर माती आणायची आणि रुमालात ठेवायची. “हे तळघरात त्यांच्यापाशी परत ठेव,” तिनं सांगितलं. “तुझ्याच हातानं. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. आणि हसू नकोस, मेले.”

या एप्रिलला बसमध्ये पाऊल टाकताच आत्यानं मला जवळ ओढलं. “शोघिक, तू माझ्या उजव्या हाताला. आज चिमट्याचं काम तुझं.”

बसला बातमी कळायला वेळ लागला नाही. नदीचा पूल येईपर्यंत प्रत्येकीचा उपाय सांगून झाला होता. एक म्हणाली, जिभेखाली खडा धर. दुसरी म्हणाली, लिंबू चाव. तिसरी म्हणाली, माझ्या नवऱ्याचा विचार कर, मला तर लग्नानंतर हसूच आलेलं नाही. मग तालीम करायची ठरली. अबू मुनीरनं आरशात बघत बिशपांसारखा घोगरा आवाज लावला आणि गाडी चालवता चालवताच बसला आशीर्वाद द्यायला घेतला. अबू मुनीर मुसलमान; त्याला आमच्या प्रार्थनेतला ‘आमेन’ तेवढा येत होता, तो त्यानं जागोजागी पेरला. आत्या तोंडात लिंबू धरून बसली. तिसऱ्या आमेनला लिंबू पुढच्या सीटवरच्या बाईच्या केसात.

बस काढणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष बारोन सेतराक उठून उभे राहिले. साहेबाला आम्ही बारोन म्हणतो, आणि हे तर झोपेतही बारोन. काळा सूट, काळा टाय, आणि शेजारच्या सीटवर बैलगाडीच्या चाकाएवढं फुलांचं चक्र, त्याच्यासाठी वेगळी जागा अडवलेली.

“ही यात्रा आहे. सहल नाही,” ते म्हणाले.

“बरोबर आहे, बारोन. अंडं घेणार?” आत्या म्हणाली.

“दिरुहीबाई, आज स्वतः बिशप येणार आहेत. तो रुमाल माझ्याकडे द्या, मी ठेवतो. तुम्ही नेहमीप्रमाणे बाहेर थांबा.”

“आईनं माझ्याच हातानं ठेवायला सांगितलंय.”

“आणि तुम्ही हसलात तर?”

“तर मला तिथेच पुरा. आपलीच माणसं आहेत, सरकून घेतील.”

मागच्या सीटवर कुणीतरी फिसकन हसलं. बारोन सेतराक चक्राशेजारी जाऊन बसले आणि पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिले.

रक्का मागे पडल्यावर बस हळूहळू शांत झाली. दर वर्षी तिथे होते तशीच. बाहेर नुसती पिवळी जमीन. आत्या रुमाल मांडीवर धरून बसली होती. मी पहिल्यांदाच तिला घाबरलेली बघत होते.

“शोघिक, खरं सांगू?” ती हळूच म्हणाली. “आईच्या चिमट्यानं हसू कधी थांबलंच नाही. उलट गुदगुल्या व्हायच्या, जास्तच यायचं. तिला वाटायचं थांबतं, म्हणून मी बोलले नाही.”

“मग मी कशाला हवी?”

“कोपर रिकामं वाटतं,” आत्या म्हणाली.

तळघरात आम्ही उतरलो तेव्हा आत बोटभर जागा नव्हती. मेणबत्त्या, धूप, काळे कपडे. खांबाशेजारी खुर्चीवर येस्तेर मावशी होती. पंधरा साली त्या वाटेवरून स्वतः चालत आलेल्यांपैकी आता तेवढीच उरलीय. दर वर्षी तिला खुर्चीसकट उचलून खाली आणतात. ती डोळे मिटून बसते, कुणाशी अक्षर बोलत नाही, आणि संपलं की तिला परत वर नेतात.

प्रार्थना सुरू झाली. मी दोन बोटं आत्याच्या कोपरावर टेकवली. तिनं डोळे गच्च मिटले होते आणि ओठ असे दाबले होते की दिसेनासे झाले. बिशप म्हणत होते, आम्ही मान खाली घालून ऐकत होतो, आणि मला वाटायला लागलं की निभावलं.

मग चक्र आणायची वेळ झाली.

तळघराचा जिना अरुंद. चक्र आडवं धरलं तर जाईना, उभं धरलं तर पायरी दिसेना. बारोन सेतराक वरच थोडा वेळ घुटमळले असावेत. शेवटी त्यांनी पायरी दिसावी म्हणून चक्राच्या मधल्या भोकातून डोकं बाहेर काढलं आणि उतरायला लागले. खाली पोचेपर्यंत चक्र खांद्यावर घट्ट बसलं होतं. लिली आणि कार्नेशनच्या मधोमध त्यांचा तो गंभीर, घामेजलेला चेहरा, आणि एका कानात एक फूल.

हिक्.

मी चिमटा काढला. खांदे हलले. मी दोन्ही हातांनी चिमटा काढला. शिट्टी निघाली. आणि मग ते सुटलं, त्या दगडी खोलीत, खांबाभोवतीच्या मोकळ्या जागेतून वर घुमटापर्यंत गेलं आणि पुन्हा खाली आलं. बिशप थांबले. बारोन सेतराक चक्रातून बघत राहिले. मागे कुणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली. आत्याचे डोळे भीतीनं विस्फारलेले आणि तोंड हसतंय, असं ध्यान मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खुर्चीतून काठी आपटल्याचा आवाज आला. येस्तेर मावशीनं डोळे उघडले होते. काठी माझ्या दिशेनं होती.

“पोरी, सोड तिचा हात.”

मी सोडला. आता ही काठीनं मारणार, असं सगळ्यांनाच वाटलं. आत्यानंही मान पुढे केली.

“माझी धाकटी बहीण वार्तेर अशीच हसायची,” येस्तेर मावशी म्हणाली. “भलत्या वेळी. या वाटेवर चालतानासुद्धा. समोर शिपाई, आणि हिचं आपलं ‘हिक्’. आई तिचं कोपर धरून चालायची.” तिनं काठी खाली टेकवली. “मग एक दिवस कोपर सुटलं. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून केव्हाच गेला. आवाजही गेला होता. आत्ता आला.”



“परत हस,” ती आत्याला म्हणाली.

आत्यानं तोंड उघडलं. काही आलं नाही. जन्मभर जे आवरता आवरलं नाही ते मागितल्यावर येईना. तिनं पुन्हा प्रयत्न केला, आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि ती रडायला लागली. आजी गेल्यापासूनचं, साखरपुडा मोडल्यापासूनचं, कधीपासूनचं कोण जाणे. नाकातल्या शिट्टीसकट. “आई गं,” एवढंच ती म्हणत होती. बारोन सेतराक तिच्यापाशी आले आणि पाठीवर हात फिरवायला लागले, पण चक्रामुळे हात पुरेना, म्हणून लांबूनच थोपटत राहिले. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

येस्तेर मावशीनं जरा वेळ वाट बघितली.

“हिला मेलीला काहीच वेळेवर येत नाही का?” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. “तू काय बघत बसलीस? काढ की चिमटा.”

मी काढला. आजी काढायची तिथेच, कोपराच्या आतल्या बाजूला, दोन बोटांनी.

हिक्.

आत्या रडतच होती आणि हसायलाही लागली होती. तशीच ती वाकली आणि तिनं रुमालाची गाठ हाडांच्या काचेपाशी ठेवली. येस्तेर मावशीनं पुन्हा डोळे मिटले, आणि चांगला ऐकू येणारा कान तेवढा आत्याच्या बाजूला वळवला.